रक्तसाक्षी कोणाचे?

मनीषनगरातील धर्मशिक्षणाच्या वर्गात एका रविवारी आम्ही मुलांना इंग्लंडमधील रक्तसाक्ष्यांची कथा सांगत होतो. दृढीकरण संस्काराची तयारी चालू होती आणि श्रद्धेसाठी किंमत मोजावी लागते म्हणजे नेमके काय, हे मुलांच्या मनावर बिंबवावे असा आमचा हेतू होता. येशूसंघीय धर्मगुरू संत एडमंड कॅम्पियन यांना १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनमधील टायबर्न येथे कसे वधस्तंभाकडे नेण्यात आले, हे सांगून आम्ही थांबलो. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याची आई आमच्या धर्मग्रामातील, वडील प्रॉटेस्टंट. तो म्हणाला, "फादर, बाबांच्या घरच्या पुस्तकात वेगळीच नावे आहेत. त्यांनाही श्रद्धेसाठी मारले आणि मारणारे आपले लोक होते असे त्यात लिहिले आहे. मग खरे रक्तसाक्षी कोणाचे?"

आम्ही वेळ मारून नेली. "तो काळच तसा होता, बाळा," असे म्हणून पुढच्या धड्याकडे वळलो. मुलगा मुकाट्याने खाली बसला. पण त्याचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. काळ कोणाला जाळीत नाही आणि कोणाचे मस्तकही उडवीत नाही. ते काम माणसे करतात, आणि ती करताना त्यांच्या मनात काय होते हे विचारल्यावाचून त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. सुज्ञ वाचकहो, त्या मुलाचे राहिलेले देणे फेडण्याचा हा प्रयत्न आहे. प्रश्न सोळाव्या शतकाचा वाटला, तरी त्याची मुळे आपल्या घरांतून, आपल्या समित्यांतून आणि आमच्यासारख्या धर्मगुरूंच्या मनांतूनही अजून निघालेली नाहीत.

प्रथम त्या काळाकडे वळू. राजा आठवा हेन्री याने १५३४ साली इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचे सर्वोच्च प्रमुखपद स्वतःकडे घेतले. ते मान्य न करणारे संत थॉमस मोर आणि बिशप संत जॉन फिशर यांचा १५३५ साली शिरच्छेद झाला. पुढील काही वर्षांत, म्हणजे १५३६ ते १५४० या काळात, इंग्लंडमधील मठ बंद करण्यात आले आणि त्यांच्या जमिनी राजाकडे व राजाकडून सरदारांकडे गेल्या. मग १५५३ साली कॅथलिक राणी मेरी गादीवर आली. देश पुन्हा रोमशी जोडला गेला. पार्लमेंटात बसलेल्या उमरावांनी प्रायश्चित्त घेतले, कार्डिनल पोल यांच्याकडून पापमुक्ती घेतली. परंतु मठांच्या जमिनी ज्यांच्या ताब्यात होत्या त्यांच्याच ताब्यात राहतील, ही हमी मिळाल्यावरच हे सारे घडून आले. धर्म परत आला, जमिनी परत आल्या नाहीत. याच मेरीच्या पाच वर्षांच्या कारकीर्दीत सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जाळण्यात आले. त्यांत आर्चबिशप क्रॅन्मर यांच्यासारखे मोठे लोक होते, तसेच विणकर, मजूर आणि गरीब स्त्रियाही होत्या. त्या गरिबांपाशी मठाच्या जमिनी नव्हत्या. १५५८ साली एलिझाबेथ गादीवर आली आणि पारडे उलटले. तिच्या दीर्घ कारकीर्दीत पावणेदोनशेहून अधिक कॅथलिकांना देहदंड झाला.

दरबारात मात्र निराळाच खेळ चालला होता. त्याचा एक नमुना म्हणजे नॉर्फकचा ड्यूक. हा गृहस्थ अखेरपर्यंत स्वतःला प्रॉटेस्टंट म्हणवीत राहिला, आणि तरीही स्कॉटलंडच्या कॅथलिक राणीशी विवाह करून सत्तेच्या जवळ जाण्याचे त्याचे बेत होते. रिडॉल्फी नावाच्या इटालियन सावकाराने रचलेल्या कटात त्याचे नाव आले आणि १५७२ साली त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा मुलगा फिलिप हॉवर्ड हा एलिझाबेथच्याच दरबारात वाढला, ऐषारामात रमला. १५८१ साली लंडनच्या टॉवरमध्ये कैदी कॅम्पियनशी प्रॉटेस्टंट विद्वानांचा वाद ठेवण्यात आला होता. तो ऐकायला फिलिप गेला आणि त्याच्या मनात काही हलले. काही वर्षांनी तो कॅथलिक श्रद्धेकडे परतला, १५८५ मध्ये पकडला गेला आणि दहा वर्षे टॉवरमध्ये काढून १५९५ साली तिथेच मरण पावला. एकदा प्रॉटेस्टंट उपासनेला हजर राहिलास तर पत्नीला आणि मुलाला भेटता येईल, असे त्याला सांगण्यात आल्याचे त्याच्या चरित्रात येते. त्याने ते नाकारले. आज तो संत आहे.

बाप आणि लेक यांच्यातील फरक आम्हांला फार बोलका वाटतो. बापाने दोन्ही धर्मांकडे सत्तेची शिडी म्हणून पाहिले. लेकाने धर्म स्वीकारला तेव्हा त्याच्या हातून सर्व काही निसटले. दोघांनाही राजद्रोही ठरवण्यात आले, दोघांचीही कागदपत्रे एकाच दप्तरात पडली. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे एकाच भांडणातले दिसतील. पण एक गटासाठी झगडत होता आणि दुसरा श्रद्धेसाठी सोसत होता. या दोन गोष्टी वेगळ्या करणे हेच आपले काम आहे.

हा इतिहास दूरचा वाटेल. पण त्याचा एक धागा थेट आपल्या मराठी भाषेपर्यंत येतो. एलिझाबेथच्याच दरबारात थॉमस पाउंड नावाचा एक तरुण उमराव होता. त्याचा मामा साउदॅम्प्टनचा पहिला अर्ल. मठ बंद झाले तेव्हा टिचफील्डचा मठ याच मामाच्या पदरात पडला होता. थॉमस पाउंड नृत्यात निपुण होता. परंपरेने सांगितली जाणारी हकीकत अशी, की एका उत्सवात राणीपुढे नाचताना तो घसरून पडला, तेव्हा राणीने त्याला पायाने ढोसले आणि बैल म्हणून हिणवले. सारा दरबार हसला. तो दरबार सोडून निघून गेला तो कायमचा. त्याने कॅथलिक श्रद्धा उघडपणे आचरली आणि आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढली. मामाला मठ मिळाला, भाच्याला कोठडी मिळाली.

या पाउंडचा एक सोबती होता. विल्टशरमधील बुश्टन गावचा, एका व्यापाऱ्याचा मुलगा. पाउंडबरोबर तो वेषांतर करून हिंडत असे. पाउंड पकडला गेल्यावर हा तरुण रोमला पोचला आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाला. तुरुंगातील मित्रालाही संघात घ्यावे म्हणून त्याने रोममध्ये रदबदली केली आणि ती मान्य झाली. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो गोव्याला उतरला. वाचकांनी ओळखले असेलच. हेच आपले फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ मराठी ख्रिस्ती साहित्याचा पाया आहे. इंग्लंडच्या दरबारी वैरातून बाहेर फेकला गेलेला एक माणूस साष्टीच्या गावांत येऊन ओवी शिकला. हे आपल्याला ठाऊक असते. पण त्यांच्या आयुष्यातील दुसरी एक घटना आपण क्वचितच सांगतो.

१५८३ च्या नोव्हेंबर अखेरीस चार इंग्रजांना कैद करून गोव्यात आणण्यात आले. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार. ते एलिझाबेथ राणीच्या देशाचे व्यापारी होते. होर्मुझ येथे एका व्हेनिसच्या व्यापाऱ्याने, धंद्यात वाटेकरी नको म्हणून, त्यांच्याविरुद्ध चुगली केली होती. पोर्तुगालच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या दों आंतोनियुचे हे हेर आहेत, असा आरोप होता. पोर्तुगालवर तेव्हा स्पेनचा राजा दुसरा फिलिप याची सत्ता होती आणि तो एलिझाबेथचा कट्टर शत्रू. त्याच नोव्हेंबरमध्ये तिकडे लंडनमध्ये थ्रॉकमॉर्टन नावाच्या कॅथलिक उमरावाला राणीविरुद्धच्या कटाबद्दल पकडले होते. फादर स्टीफन्सना लंडनची ताजी बातमी कळणे शक्य नव्हते. परंतु कॅम्पियनचे काय झाले आणि पाउंड कोठे खितपत आहे, असल्या गोष्टी त्यांच्यापासून फार काळ लपून राहणाऱ्या नव्हत्या.

आता, वाचकहो, क्षणभर त्यांच्या जागी उभे राहू. ज्या राणीने आमच्या मित्राला कोठडीत डांबले तिची प्रजा आमच्या हाती सापडली आहे. त्यांच्या बाजूने बोलावे तर व्हाइसरॉयला आपल्याच निष्ठेविषयी शंका यावी. गप्प बसावे तर कोणी दोष देणार नाही. फादर स्टीफन्स गप्प बसले नाहीत. ब्रूझ शहराचे रहिवासी असलेले त्यांचे एक येशूसंघीय बंधू आणि स्वतः ते, असे दोघे तुरुंगात गेले, अधिकाऱ्यांकडे खेटे घातले आणि जामीन मिळवून नाताळच्या तोंडावर त्या प्रॉटेस्टंटांना बाहेर काढले. या दोघांनी पाठपुरावा केला नसता तर जीव वाचला असता तरी तुरुंगवास लांबला असता, अशा अर्थाची कबुली न्यूबेरीने स्वतः आपल्या पत्रात दिली आहे. पुढे एप्रिल १५८४ मध्ये ते गोव्यातून निसटले. फिच १५९१ साली लंडनला परतला. न्यूबेरीचा पुढे पत्ता लागला नाही.

त्या वेळी गोव्याच्या आर्चबिशपांकडे कामाला असलेला यान व्हान लिन्सखोटेन नावाचा डच तरुणही या प्रकरणात होता. त्याने नोंदवून ठेवले आहे, की येशूसंघीयांच्या मदतीमागे त्या इंग्रजांना आपल्यात ओढण्याची इच्छा होती आणि त्यांच्या पैशांवरही डोळा होता. असेलही. मनुष्याचे हेतू एकसुरी क्वचितच असतात, आणि संतपुरुषाच्या मदतीतही संस्थेचा हिशेब मिसळलेला असू शकतो. तरीपण तुरुंगाचे दार उघडले ही गोष्ट खरी आहे, आणि ते उघडण्यासाठी फादर स्टीफन्सना आपल्या मनातील वैर ओलांडावे लागले असणार, हेही खरे.

येथेच थांबलो तर आम्ही इतिहासातून सोयीची बाजू उचलली असे होईल. ज्या गोव्यात हे घडले तेथे सत्ता कॅथलिकांची होती, आणि ती सत्ता कशी वागत होती? १५६० पासून तेथे इन्क्विझिशन चालू होते. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली. जुलै १५८३ मध्ये, म्हणजे ते इंग्रज येण्यापूर्वी चारच महिने आधी, कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. फादर रुडॉल्फ नुकतेच अकबराच्या दरबारातून परतले होते. तेथे त्यांनी मौलवींशी केवळ शब्दांनी वाद केला होता. आपण त्यांना धन्यवादित मानतो ते योग्यच आहे. पण त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकर मंडळींना बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले, हेही आपण मुलांना सांगितले पाहिजे. लंडनमध्ये जे आमच्यावर होत होते तेच गोव्यात आमच्या नावाने होत होते. १६८४ साली तर पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवरच बंदीचे फर्मान काढले. ज्या मातीत 'ख्रिस्तपुराण' घडले तिथेच तिथली बोली गुन्हा ठरली. छळ सोसणारा आपोआप पवित्र होत नाही. सत्ता मिळताच त्याचाच हात दुसऱ्यावर उठू शकतो. आमचे थॉमस मोर संत आहेत, पण चॅन्सेलरपदावर असताना त्यांच्या संमतीने काही प्रॉटेस्टंटांना जाळण्यात आले होते. मोर यांचे संतपण त्यांच्या पदात नव्हते, त्यांनी पद सोडल्यानंतरच्या सोसण्यात होते. शिक्षा ऐकल्यावर त्यांनी न्यायाधीशांना उद्देशून जे सांगितले त्याचा भाव असा : संत स्तेफनाचा वध होताना संत पौल संमती देऊन उभा होता, आणि आज ते दोघे स्वर्गात सोबती आहेत, तशीच तुमची-आमची भेट व्हावी.

आता आमचे काही वाचक अस्वस्थ होतील. ते विचारतील, "फादर, मग सगळे पंथ सारखेच का? पवित्र मिस्सा, प्रेषितीय परंपरा, पोपमहोदयांचे स्थान यांना काही अर्थच नाही का?" हा आक्षेप हलका नाही. सत्य एकच असते आणि ते धरून ठेवणे आपले कर्तव्य आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर, असे म्हणून जो सुटका करून घेतो तो सत्याचाही मान राखत नाही आणि त्यासाठी मेलेल्यांचाही राखत नाही. प्रश्न सत्य धरावे की सोडावे हा नाही. ते कोणत्या हाताने धरावे हा आहे.

याचे उदाहरण आपल्या नागपुरातच आहे. आपले महामंदिर संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचे आहे आणि येथील मिशन उभारणारे धर्मगुरू त्यांच्याच ॲनेसी गावाहून आले. हे संत जिनिव्हाचे बिशप होते. पण जिनिव्हा कॅल्विनपंथीयांच्या ताब्यात असल्याने त्यांना त्या नगरीत राहता येत नव्हते. १५९४ साली ते शाब्ले प्रांतात पायी गेले. लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा त्यांनी आपले म्हणणे कागदावर लिहून घराघरांच्या दारांखालून सरकवले. म्हणूनच १९२३ साली त्यांना पत्रकारांचे आश्रयदाते संत घोषित करण्यात आले. १५९७ मध्ये त्यांनी जिनिव्हात जाऊन प्रॉटेस्टंटांचे वृद्ध नेते थिओडोर बेझा यांची भेट घेतली. मतभेदाचा एकही मुद्दा त्यांनी लपवला नाही. पण समोरच्याचे म्हणणे ऐकून घेतले.

मात्र हेही खरे, की त्यांनी सव्हॉयच्या ड्यूककडे साहाय्य मागितले होते, आणि १५९८ साली ड्यूक स्वतः तेथे आला तेव्हा अखेरच्या विरोधकांवर दरबारी दडपण आले : धर्म बदला, नाहीतर प्रांत सोडा. ८ डिसेंबर १६०२ रोजी फ्रान्सिस यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली आणि त्याच महिन्यात एका रात्री ड्यूकचे सैनिक शिड्या लावून जिनिव्हाच्या तटावर चढले. हल्ला फसला. पण त्या रात्रीची आठवण जिनिव्हा आजही दरवर्षी साजरी करते. दारांखालून सरकवलेल्या कागदांचा काय परिणाम होतो हे ती नगरी कधीच पाहू शकली नाही. तिने शिड्या पाहिल्या. सत्याच्या सेवेला सत्ता जुंपली की लोकांच्या लक्षात सत्ता राहते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात हेच मांडले, की सत्य मनुष्याच्या मनावर स्वतःच्याच सामर्थ्याने उमटते. हे आपल्याला उमगायला चार शतके लागली.

युरोपाबाहेरचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. आफ्रिकेतील बुगांडा राज्याच्या दरबारात १८७७ साली प्रॉटेस्टंट आणि १८७९ साली कॅथलिक मिशनरी पोचले. राजा म्वांगाच्या वाड्यातील अनेक तरुण सेवक ख्रिस्ती झाले, काही इकडे, काही तिकडे. ३ जून १८८६ रोजी नामुगोंगो येथे संत चार्ल्स ल्वांगा आणि त्यांच्या सोबत्यांना जाळण्यात आले. त्या बळींमध्ये कॅथलिक होते तसेच अँग्लिकनही होते. दरबारात निरनिराळ्या शिक्षकांकडे शिकलेल्या मुलांना एकाच आगीत टाकण्यात आले. १८ ऑक्टोबर १९६४ रोजी पोप सहावे पौल यांनी बावीस कॅथलिकांना संतपद दिले, तेव्हा अँग्लिकन रक्तसाक्ष्यांचाही आदराने उल्लेख केला.

पण पुढे काय झाले? छळ संपला, ख्रिस्ती सरदारांच्या हाती सत्ता आली, राज्यातील हुद्दे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात वाटले गेले. एकाला फ्रेंचांचा पक्ष म्हणू लागले, दुसऱ्याला इंग्रजांचा. जानेवारी १८९२ मध्ये मेंगो येथे हे दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडले. कॅप्टन लुगार्डच्या मॅक्सिम तोफेने प्रॉटेस्टंटांच्या बाजूने निकाल लावला. त्या एका आगीला तेव्हा सहा वर्षेही झाली नव्हती. त्या दोन घटनांमध्ये ना बायबल बदलले होते, ना विश्वासांगीकार. बदलले ते इतकेच, की पूर्वी वाटून घ्यायला मरणाखेरीज काही नव्हते आणि आता हुद्दे होते.

शुभवर्तमानात याचे निदान फार पूर्वीच करून ठेवले आहे. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान प्रभूकडे आले आणि त्याच्या वैभवात उजवीकडची व डावीकडची आसने मागू लागले. बाकीचे दहा संतापले. आम्हांला नेहमी वाटत आले आहे, की त्यांचा संताप तत्त्वासाठी नव्हता, त्यांनाही तीच आसने हवी होती. ख्रिस्तसभेतील दरबारी चढाओढ अशी प्रेषितांपासूनच सुरू झाली. याच योहानाने थोडे आधी एका परक्या माणसाला प्रभूच्या नावाने भुते काढण्यापासून अडवले होते, कारण तो आपल्यापैकी नव्हता. प्रभूने योहानाची समजूत घातली, त्या माणसाला अडवू दिले नाही. आणि आसनांविषयी त्याने विचारले ते एवढेच, की मी पिणार तो प्याला तुम्हांला पिता येईल का? प्याला पिणारा रक्तसाक्षी होतो. आसन मागणारा गटाचा माणूस होतो. दोघेही प्रभूचेच नाव घेत असल्यामुळे आपली गल्लत होते.

मग आपल्यापैकी कोणी विचारील, की आज मनीषनगरात कोठे आहे दरबार? वर्धा रोड आणि रेल्वेमार्गाच्या आसपास वाढलेल्या या वस्तीत वसईचे, केरळचे, छत्तीसगडचे आणि आपल्या विदर्भाचे ख्रिस्ती शेजारीशेजारी राहतात. कोणी कॅथलिक, कोणी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, कोणी मेथॉडिस्ट. येथे ना ड्यूक, ना तोफा. आम्हीही तसेच समजत होतो. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एका प्रॉटेस्टंट मंडळीचे दोन गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्या प्रार्थनामंदिराची दुरुस्ती चालली होती. नाताळच्या गीतांच्या सरावासाठी आमचे सभागृह आठवडाभर मिळेल का, अशी त्यांची विनंती होती. आम्ही "पाहू, समितीला विचारू" म्हणालो. समितीला विचारलेच नाही. आमच्या मनात आले ते असे, की यांचे गायन चांगले, आमची तरुण मुले तिकडे ओढली जातील. शिवाय आज सभागृह दिले की उद्या हक्क सांगतील. ते पुन्हा आले नाहीत. भाड्याची जागा घेऊन त्यांनी सराव केला. कोणाचे काही बिघडले नाही, कोणी काही बोलले नाही. पुढे कळले, की त्या दोघांपैकी एक जण वर्गात प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचे वडील होते. चेहरा ओळखीचा वाटला होता. आम्ही विचारले नव्हते.

त्या संध्याकाळी आमच्या हाती तुरुंगाची नव्हे, फक्त सभागृहाची किल्ली होती. फादर स्टीफन्सनी मित्राला कोठडीत टाकणाऱ्या राणीच्या माणसांसाठी खेटे घातले. आम्हांला आठवडाभराचा एक दिवाणखाना देववला नाही. हे लिहिताना आम्हांला लाज वाटते, आणि ती वाटावी म्हणूनच लिहीत आहोत.

एक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. २५ ऑक्टोबर १९७० रोजी रोममध्ये पोप सहावे पौल यांनी कॅम्पियन, फिलिप हॉवर्ड आणि इतर मिळून इंग्लंड व वेल्सच्या चाळीस रक्तसाक्ष्यांना संतपद दिले, आणि त्यांचे रक्त दोन ख्रिस्तसभांमधील जखम भरून काढो अशी आशा व्यक्त केली. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आपल्या नागपुरात सहा निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. एकमेकांपासून शतकानुशतके दुरावलेल्यांनी आपापली आसने सोडली आणि ती याच शहरात सोडली. आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे? आम्ही स्वतः कित्येक वर्षे त्या प्रार्थनामंदिरावरून जात होतो, पण हे वाचले ते उशिरा.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलाला वर्गानंतर थांबवून घेतले. त्याला सांगितले, की तुझ्या बाबांच्या पुस्तकातील ज्यांनी प्रभूवरील श्रद्धेसाठी मरण पत्करले ते खरेच रक्तसाक्षी आहेत, आणि त्यांना जाळणाऱ्यांनी पाप केले, मग ते आपले असोत. आपले रक्तसाक्षीही खरे आहेत. काही गोष्टींत आपले आणि त्यांचे मत जुळत नाही, आणि ते मतभेद खोटे नाहीत. त्यांवर आपण बोलत राहिले पाहिजे. पण पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली लिहून ठेवले आहे, की ख्रिस्ती लोकांची रक्तसाक्ष्यांची यादी आताच एक झालेली आहे. आपण खाली भांडत असलो तरी वर ते एकत्र आहेत. मुलाने थोडा विचार केला आणि विचारले, "म्हणजे बाबांना सांगू?" आम्ही म्हणालो, "तू नको सांगूस. आम्हीच येतो."

त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. सभागृहाची गोष्ट काढली, क्षमा मागितली. त्या गृहस्थांनी फार काही बोलणे टाळले. चहा आला, मुलाच्या शाळेविषयी बोलणे झाले. निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, की जानेवारीत ख्रिस्तैक्य प्रार्थना सप्ताह असतो, त्यात एक संध्याकाळ दोन्हीकडचे गायक मिळून गातील का? नारायण वामन टिळकांची भजने दोन्हीकडे पाठ आहेत, तेव्हा अडचण पडणार नाही. आम्ही होकार दिला, आणि या वेळी समितीलाही विचारले. सभेत दोघांनी शंका काढल्या. त्या आमच्याच जुन्या शंका होत्या, त्यामुळे त्यांना उत्तर देणे आम्हांला कठीण गेले नाही.